कॉलेजात फिजिकल डायरेक्टर म्हणून आयुष्य काढलेल्यांनी सांगावं: हे काम नेमकं असतं तरी काय?

बालाघाटची यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातली. एम.पी.एड. झालंय, शारीरिक शिक्षणातली सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, निघाली आहे, विद्यापीठाकडून खो-खो खेळले आहे. म्हणजे कागदावर जे लागतं ते सगळं आहे.

सध्या दोन ठिकाणांहून बोलावणं आहे. एक तालुक्याचं सीनियर कॉलेज. तिथं फिजिकल डायरेक्टरची, म्हणजे शारीरिक शिक्षण संचालकाची, अनुदानित जागा रिकामी आहे, पण भरती कधी निघेल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही. तोवर संस्था एकरकमी मानधनावर घेते म्हणते. दुसरी पुण्याजवळची निवासी शाळा. तिथं क्रीडा शिक्षिका म्हणून जवळपास दुप्पट पगार, राहणं-जेवण तिथंच.

आई म्हणते शाळा घे. मामा म्हणतात, "एवढं शिकून शेवटी पीटीची बाईच व्हायचं होतं का?" जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक आपल्या मुलींनी नेपाळला हरवून जिंकला, कर्णधार आपली प्रियांका इंगळे, तेव्हा हेच मामा टीव्हीसमोर टाळ्या पिटत होते. असो.

माझा ओढा कॉलेजकडे आहे. पण माझ्याच कॉलेजातले सर आठवतात. मैदानावर थोडा वेळ, आणि उरलेला दिवस ऑफिसात फायलींच्या मागे. आम्हाला राग यायचा, की हे शिकवत का नाहीत? आता त्याच खुर्चीत बसायचं तर आधी विचारलेलं बरं. या नोकरीत खरोखर शिकवायला मिळतं का? तीस-तीस वर्षं लोक करतात म्हणजे नेमकं काय करतात? आणि गावाकडच्या मुलींना घरचे मैदानावर पाठवतात का अजून, की ते आमच्यापुरतंच होतं?

गणितवाला

सरळ सांगतो, शाळा घ्या.

मी अनुदानित कॉलेजात गणित शिकवतो. २०१८ साली सरकारने कॉलेजांतल्या भरतीला परवानगी दिली तेव्हा सहायक प्राध्यापकांच्या जागा होत्या ३५८० आणि शारीरिक शिक्षण संचालकांच्या १३९. अख्ख्या राज्याला १३९! यावरून काय ते समजा. आमच्याकडे जिमखान्याचे, म्हणजे खेळ विभागाचे, सर निवृत्त झाल्यावर ती खुर्ची रिकामीच राहिली. कॅरम बोर्ड शिपायाच्या ताब्यात, स्पर्धांचा चार्ज इतिहासाच्या मॅडमकडे. आणि सर होते तेव्हा तरी काय, परीक्षेला सुपरव्हिजनचे तक्ते लावायचे, गॅदरिंगला मंडपवाल्याशी भांडायचं. त्यांचा मान ठेवूनच सांगतोय, पण मी त्यांना कुणाला काही शिकवताना फारसं पाहिलं नाही.

दुहेरी_साखळी

गणितवाले सर, तुम्ही कॉलेजला किती वाजता पोचायचा? अकरा? आमचं मैदान साडेसातला सुटायचं.

मी पोलिसात आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते आणि तिथं बरेच लोक गळतात. स्पर्धा कुठली, कुणी भरवली, संघाच्या यादीत नाव होतं का, सगळं तपासतात. मी खेळलो त्याला बरीच वर्षं उलटून गेल्यावर माझ्या सरांकडे गेलो. त्यांनी कपाटातून त्या वर्षीची फाइल काढली आणि संघाच्या यादीची, कार्यक्रमपत्रिकेची, निकालाची प्रत हातात ठेवली. बालाघाटची ताई, ज्या फायलींचा तुम्हाला राग यायचा ना, त्यातल्याच एका फाइलीवर माझं घर चाललंय.

फक्कीचा_डबा

मी बाई आहे आणि निवृत्त आहे, म्हणून "सर सर" लिहू नका, आधीच सांगते. सातारा जिल्ह्यातल्या माण-खटाव पट्ट्यात एका कॉलेजात १९८८ साली लागले, २०२१ साली बाहेर पडले. एकच कॉलेज, एकच जिमखाना. दुनियेचं मला माहीत नाही, त्या चार भिंतींचं आणि त्यासमोरच्या मुरमाचं माहीत आहे.

मी लागले तेव्हा नेट-सेटची अट नव्हती, ती १९ सप्टेंबर १९९१ नंतरच्या नेमणुकांना लागली. शिकले अमरावतीला, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलेली संस्था. तिथली मंडळी १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली होती. गेल्या गेल्या हे आम्हाला ऐकवलं, आणि मग लाठी, लेझीम, मलखांब, धावणं, उड्या असं सगळं अंगातून काढून घेतलं. एवढं शिकून, रुबाबात ट्रॅकसूट घालून कॉलेजात हजर झाले, तर पहिलं काम काय मिळालं? गेटवर उभं राहून ओळखपत्रं तपासा. दुसरं, गॅदरिंगची रांगोळी स्पर्धा. तेव्हा गणितवाले सर म्हणतात ते खोटं नाही. जिमखान्याच्या माणसाला रिकामं समजायची कॉलेजात रीतच आहे. नंतर नॅक, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणारी तपासणी, आलं, आणि पाचव्या निकषात खेळांची बक्षिसं मोजतात म्हटल्यावर एकाएकी सगळ्यांना माझ्या कपाटातली ढाल दिसू लागली.

पण बाळ, तुझ्या सरांवर इतक्यात रागावू नकोस. शिकवणं हे या नोकरीतलं सगळ्यात सोपं काम आहे. ते तू आजही करशील. मुलगी मैदानात उतरेल अशी तजवीज करणं, त्यात आयुष्य जातं. ते मैदानावरून दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं वर्ष असं असायचं. शिवाजी विद्यापीठात सातारा, सांगली, कोल्हापूर असे झोन. आधी झोनल, मग इंटरझोनल, त्यातून विद्यापीठाचा संघ, मग कॅम्प, मग पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा. ती कधी राजस्थानात, कधी गुजरातेत, कधी मध्य प्रदेशात. आणि या प्रत्येक पायरीला कागद. एलिजिबिलिटीच्या फॉर्मवर, म्हणजे पात्रतेच्या अर्जावर, तू खेळाडू म्हणून सही करून मोकळी झालीस. आता भरायला बसशील तेव्हा कळेल. दहावीचं प्रमाणपत्र, बारावी कधी झाली, मध्ये गॅप आहे का, वय बसतं का, यंदाचा प्रवेश रीतसर आहे का, आधी दुसऱ्या विद्यापीठाकडून खेळली का. एक रकाना चुकला की मॅनेजर मीटिंगमध्ये मुलगी बाद. ती मात्र बिचारी बाहेर बुटाच्या नाड्या बांधत बसलेली असते.

मुलींचं त्यात आणखी एक. लग्न! एक मुलगी एस.वाय.ला माझी सगळ्यात चांगली पळतीची, म्हणजे आक्रमकाला चुकवत पळणारी, खेळाडू. मे महिन्यात तिचं लग्न झालं. जुलैत टी.वाय.ला प्रवेश घ्यायला आली ती हातात हिरवा चुडा घालून, आणि सगळ्या कागदांवर दोन-दोन नावं. दहावीवर माहेरचं, नव्या अर्जावर सासरचं. नावाचं मी बघून घेतलं. प्रवेश माहेरच्या नावानेच ठेवायला लावला. चुड्याचं काय करायचं? काचेच्या बांगड्या घालून पंच मैदानात घेत नाहीत, आणि घेऊही नये, सूर मारताना मनगट फाटतं. ती म्हणाली, "बाई, सासूबाईंना तुम्हीच विचारा." गेले. वाडीवर घर, एसटी दिवसातून दोनदा. माझी सगळी तयारी घराण्याची अब्रू, लोक काय म्हणतील, अर्धी चड्डी, या प्रश्नांची. सासूबाईंनी चहा दिला, ऐकून घेतलं, आणि पहिला प्रश्न केला, "गाडीभाडं कोन देनार?" मी म्हटलं कॉलेज. "जेवान?" म्हटलं तेही कॉलेज. "मग बांगड्या काय, आल्यावर भरंल की परत." झालं! ती पोरगी त्या वर्षी इंटरझोनलला खेळली. पुढे मी मुलींच्या घरी गेले की आधी पैशांचं सांगायची, मग बाकीचं. बऱ्याच घरांत बाकीचं निघायचंच नाही.

याचा अर्थ सगळी दारं अशीच उघडली असं नाही. काही घरांतून मी चहा न घेता परत आले आहे.

आमचा भाग दुष्काळी. २०१२-१३ ला तर गुरांच्या छावण्या पडल्या. घरातलं कुणीतरी जनावरांपाशी छावणीत राहायचं, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा मुलगी. ऑगस्टपासून माझ्या संघातल्या तीन मुली दिसेनात. मी पोरींच्या भावांना विचारत छावणीत गेले. शेडनेटचा मांडव, शेणाचा वास, आणि तिथं एकजण गव्हाणीला टेकून अर्थशास्त्राचं पुस्तक वाचत होती. तिच्या आजोबांशी ठरवलं की सकाळचे दोन तास आजोबा गुरं बघतील आणि तिला माझी स्कूटी नेईल-आणील. मैदानावर पाणी मारायला टँकर मागायची सोय नव्हती, माणसाला प्यायला नाही तिथं मुरमाला कुठलं! धूळ खात खेळलो. त्या वर्षी आम्ही झोनललाच हरलो, उगाच गोड करून सांगत नाही.

मग पैसे. जिमखान्याची फी म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्यामागे मोजके रुपये, त्यात सगळे खेळ. ॲडव्हान्स घ्यायचा, परत आल्यावर हिशेब द्यायचा. एसटीची तिकिटं डिंकाने कोऱ्या कागदावर चिकटवायची, प्रत्येक मुलीची भत्त्याच्या कागदावर सही. एका ऑडिटला माझ्या केळ्यांवर आक्षेप निघाला. "पावती नाही." अहो, स्टँडवरचा केळीवाला कुठली पावती देणार? तेव्हापासून मी केळीवाल्याची सहीच घ्यायला लागले, साध्या कागदावर, डझन आणि दर लिहून. बाकीचे प्राध्यापक हसायचे. हसू देत.

बाहेरगावी गेलं की राहायला शाळेचा वर्ग मिळतो. मुलींचा संघ घेऊन जाणाऱ्या बाईच्या पिशवीत काय लागतं ते कुठल्याही एम.पी.एड.च्या पुस्तकात नाही. स्वतःचं कुलूप, कारण वर्गाला कडी असते, कुलूप नसतं. दोन बादल्या. मेणबत्ती. सॅनिटरी पॅड, चड्डीच्या जादा नाड्या, सुईदोरा. आणि पोचल्या पोचल्या सामन्यांचा ड्रॉ बघायच्या आधी संडास बघून यायचं. नसेल किंवा दार तुटकं असेल तर आयोजकांशी तिथंच, तेव्हाच भांडायचं. संध्याकाळपर्यंत थांबलं की मुली पाणी प्यायच्या बंद होतात आणि दुसऱ्या दिवशी पायात गोळे येतात. हे मी दर वर्षी बघितलं आहे.

कॉलेजात नवी असताना निवड चाचणीच्या दिवशी मला खाशाबा जाधव आठवायचे. १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, गोळेश्वरचा माणूस, आमच्याच जिल्ह्यातला. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्या प्रवासासाठी आपलं घर ७००० रुपयांना गहाण टाकलं, ते सगळे सांगतात. पण त्याच कॉलेजातली आधीची हकीकत कमी लोक सांगतात. अंगाने लहान म्हणून क्रीडाशिक्षकाने त्यांना स्पर्धेत घेतलं नव्हतं. खाशाबा प्राचार्यांकडे गेले, तेव्हा नाव लागलं. म्हणजे त्या गोष्टीत आपल्या पेशाचा माणूस आहे, पण तो दारात आडवा उभा आहे. म्हणून मी चाचणीला आलेल्या एकाही पोरीला पहिल्या दिवशी घरी पाठवलं नाही. आठवडाभर ठेवायची, पळवायची, मग यादी लावायची. त्यातून काही हिरे सापडले असं नाही, पण यादी लावताना हात अडखळत नसे.

तुझा शेवटचा प्रश्न, घरचे पाठवतात का. आमच्याकडे फरक पडला तो २०१६ नंतर. ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीची. रिओला ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचलेली पहिली भारतीय बाई. ती माझी विद्यार्थिनी नव्हे, उगाच श्रेय घेत नाही. पण त्या दिवाळीनंतर बापमाणसं स्वतःहून कॉलेजात येऊन विचारू लागली, "बाई, पळन्यात नोकरी हाय का?" आधी मी त्यांच्या दारात जात होते.

गणितवाला

मॅडम, वाचून बरं वाटलं, आणि केळीवाल्याच्या सहीला दंडवत. पण माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात की. फॉर्म, तिकिटं, बादल्या, सासूबाई. हे कारकून, मॅनेजर आणि मावशी या तिघांचं काम झालं. कोच कधी होता तुम्ही?

फक्कीचा_डबा

सकाळी पावणेसहा ते साडेसात. सुट्टी नाही, दिवाळीचे दिवस सोडून.

आधी आखणी. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर. टेप, सुतळी, खुंट्या आणि डालड्याचा जुना डबा, तळाला खिळ्याने भोकं पाडलेला, त्यात फक्की, म्हणजे रेघा मारायची पांढरी पूड. डबा हलवत सुतळीवरून चालत जायचं. शिपायाला सांगितलं असतं तर त्याने केलं असतं, पण मी मुलींनाच आखायला लावायची. आठ चौकोन स्वतःच्या हाताने पाडलेल्या मुलीला किती पावलांवर कोण बसलंय ते बघावं लागत नाही. पळताना तोच वेळ वाचतो.

पळती शिकवताना नव्या मुलींची एकच खोड. आक्रमकाच्या तोंडाकडे बघतात. समोरची हुशार असेल तर तोंडाने एक दाखवते आणि खो दुसरीला देते. मी म्हणायची, कमरेकडे बघ. खो-खोत आक्रमकाने एकदा दिशा धरली की खांब ओलांडेपर्यंत वळता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. म्हणजे ती कुठं जाणार हे तिच्या कमरेवरून आणि पुढच्या पायावरून आधीच कळतं. महिना-दीड महिना नुसतं हेच. दोघी समोरासमोर, मध्ये चार जणी बसलेल्या, पळायचं नाही, फक्त कमरेकडे बघून हात वर करायचा, डावा की उजवा. कंटाळून रडायच्या. नंतर साखळीत पळायला लागल्या की मी घड्याळ घेऊन ओरडायची, "एक दहा... एक वीस... एक तीस..." बाद न होता दोन मिनिटं ओलांडली की सगळं मैदान ओरडायचं.

आणि खांब. खांबावर सूर मारायचा म्हणजे एका हाताने खांब धरून सगळं अंग आडवं फेकायचं आणि दुसऱ्या हाताने गडी टिपायचा. मुरमावर पहिल्याच सुरात गुडघे सोलतात, मग मुलगी पुन्हा मारत नाही, नुसती वाकून हात पुढे करते. सॉ मिलमधून पोतंभर भुसा आणून खांबाभोवती पसरायची मी. एका मुलीची उजव्या हाताची दोन बोटं लहानपणी कडबाकुट्टीत गेलेली. तिला खांबाची पकड बसेना. डाव्या हाताने धरून बघितलं, मग मारायला उजवा हात, त्याची लांबी कमी पडायची. शेवटी तिला पंज्याने धरायचं सोडूनच द्यायला लावलं. उजव्या कोपराच्या खोबणीत खांब अडकवायचा आणि डाव्याने मारायचं. दंडाची आतली बाजू लालभडक व्हायची, म्हणून जुन्या सतरंजीची पट्टी शिवून दिली, ती फक्त सरावाला. कोपरामुळे तिचं अंग खांबाच्या जवळ राहायचं, पोच वीतभर कमी, पण फिरणं इतकं झटक्यात की समोरच्या मुलींना अंदाजच यायचा नाही. बघणारे म्हणायचे हे शास्त्रात नाही. नियमात बसत होतं, मला पुरे. आज ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि तिच्या शाळेची पोरं खांबाला कोपर घालताना मी बघितली आहेत, बोटं पाचही शाबूत असून! तिला म्हटलं, अगं यांना तरी पंज्याने धरायला शिकव.

तर गणितवाले सर, दिवसातला पावणेदोन तास मी कोच होते. तुम्ही वर्गात किती तास शिकवता आणि पेपर तपासणं, हजेरी, मीटिंगा यांत किती जातात, ते एकदा मांडून बघा. गणित तुमचंच आहे.

एक खरी तक्रार मात्र आहे, ती लिहिते. सेमिस्टर आल्यापासून हंगाम चिरडला. पूर्वी परीक्षा मार्च-एप्रिलला, ऑगस्ट ते डिसेंबर मैदान आपलं. आता ऐन स्पर्धांच्या तोंडावर अंतर्गत गुण, प्रात्यक्षिकं, ऑक्टोबर-नोव्हेंबरला पेपर. मुलगी इंटरझोनलला गेली म्हणून तिचं प्रात्यक्षिक बुडालं की तिच्यासाठी विभागप्रमुखांच्या केबिनबाहेर मी उभी. बहुतेक जण समजून घ्यायचे. एक जण कधीच घ्यायचे नाहीत, आणि ते स्वतः कॉलेजात असताना क्रिकेट खेळलेले होते!

गणितवाला

पेपर तपासणीचं काढलंत, संपलंच. माघार. तरी रिकाम्या जागांचं मी म्हटलं ते कायम आहे.

बालाघाटची

सगळ्यांचे आभार. मॅडम, सासूबाईंचा प्रसंग मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, बरोबरच विचारलं त्यांनी.

मी कॉलेजला हो म्हणायच्या बेतात आहे. पण एकरकमी मानधन म्हणजे कितपत टिकायचं ते कळत नाही. सही करताना काय बघू? आणि पात्रतेतल्या धावण्याच्या चाचणीचं मनावर घ्यावं का? मी अठ्ठावीसची आहे, गेल्या वर्षापासून मैदान सुटलंय.

फक्कीचा_डबा

शाळा वाईट नाही हे आधी सांगते. तिथं पगार वेळेवर मिळाला तर तोही एक मोठा गुण आहे. तरीही जायचंच तर असं कर.

मनातल्या मनात मुदत ठरव, दोन वर्षं. तेवढ्यात जाहिरात निघाली तर ठीक, नाही तर दुसरीकडे अर्ज सुरू. संस्थावाले "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत राहतात, आणि म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट असतं असंही नाही, त्यांच्या हातात नसतं. नेमणुकीचं पत्र घे, त्यावर पदाचं नाव "शारीरिक शिक्षण संचालक" असंच हवं, "क्रीडा सहायक" वगैरे नको. कधीपासून कधीपर्यंत ती तारीख हवी. दर वर्षअखेरीला अनुभवाचा दाखला मागून घे, नोकरी सोडताना एकदम मागितला की कुणाला काही आठवत नाही. जाहिरात आली तर निवड समिती विद्यापीठाच्या नियमाने बसली का आणि विद्यापीठाची मान्यता आली का, हे दोन कागद स्वतः डोळ्यांनी बघ.

चाचणी मनावर घे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत तिशीपर्यंतच्या बाईला ८ मिनिटांत १००० मीटर आहे, त्यापुढे चाळिशीपर्यंत ८००. खो-खो खेळलेल्या मुलीला हे काहीच नाही, पण एक वर्ष सुटलंय म्हणतेस तर उद्यापासून सकाळी निघ. नापास होण्याची भीती नाही, पण समितीसमोर धापा टाकत उभं राहू नये.

शैक्षणिक कागद सगळे एकाच नावाने ठेव, पुढे लग्न झालं तरी.

आणि रुजू झालीस की जिमखान्याची चावी आणि डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे सामानाची नोंदवही, दोन्ही एकदम तुझ्यासमोर ठेवतील आणि म्हणतील, मॅडम, चार्ज घेतल्याची सही करा. करू नकोस. रजिस्टरवर आठ भाले असतात, खोलीत तीन निघतात, आणि सही झाली की उरलेले पाच तुझ्या नावावर. शिपायाला बरोबर घे, एकेक वस्तू बाहेर काढून मोज, तुटकं-फुटकं वेगळ्या यादीत लिही, त्या यादीवर प्राचार्यांची सही घे, मग तुझी. दोन दिवस लागतील. खोली उघडताना आधी काठी आपट, आमच्याकडे हाय जंपच्या गादीखाली दर पावसाळ्यात विंचू निघायचे.